खाडीतल्या शिंपल्यांची तपासणी कोण करणार?

म्हैसूरसारख्या घाटाच्या अलीकडच्या शहरात बसून समुद्रातील शैवालांविषयी लिहिणे काहींना विचित्र वाटेल. पण इथल्या ताटात पडणारा बांगडा मंगळूरच्या बाजूनेच घाट चढून येतो आणि त्या किनाऱ्याच्या इतिहासातील एक नोंद आपण सोयीस्करपणे विसरलो आहोत. 1983 च्या एप्रिलमध्ये मंगळूरजवळच्या खाडीतील शिंपले खाऊन अनेक जण रुग्णालयात दाखल झाले आणि एक मुलगा दगावला. त्याआधी 1981 मध्ये तामिळनाडूत अशाच विषबाधेने तिघांचा बळी घेतला होता. पुढे 1997 मध्ये केरळातील विळिंजम येथे सात जण मरण पावले आणि शेकडो लोकांना उपचार घ्यावे लागले. मोठ्या ट्रॉलरमधून आलेल्या मासळीमुळे हे घडले नव्हते. ओहोटीला खाडीत आणि खडकांवर जे विनामूल्य हाती लागते, त्या अन्नातून विष घरात आले होते.

कोकणात ज्यांना तिसऱ्या आणि कालवे म्हणतात, ते जीव पाणी गाळून त्यातील सूक्ष्म वनस्पतींवर जगतात. अनुकूल तापमान आणि मुबलक पोषकद्रव्ये मिळाली की या सूक्ष्म जीवांची संख्या बेसुमार वाढते. हाच शैवालबहर. त्यांतील काही मोजक्या जाती सॅक्सिटॉक्सिन हे विष तयार करतात. शिंपल्याला त्याने सहसा काही होत नाही; विष त्याच्या मांसात साठत राहते. त्याला चव नाही, वास नाही, आणि कालवण कितीही उकळले तरी ते नष्ट होत नाही. खाणाऱ्याचे ओठ आणि बोटे मुंग्या आल्यासारखी बधिर होतात. मात्रा जास्त असेल तर श्वासाचे स्नायूच थांबतात. या विषावर उतारा नाही. शरीरातून ते निघून जाईपर्यंत कृत्रिम श्वासोच्छ्वास देत राहणे, एवढाच इलाज डॉक्टरांच्या हाती असतो. खाडीकाठच्या गावापासून असे यंत्र किती अंतरावर आहे, याचा हिशेब वाचकांनीच करावा.

सगळेच बहर विषारी नसतात, हेही सांगायला हवे. नोव्हेंबर 2020 मध्ये उडुपीपासून मुंबईपर्यंत रात्री निळ्या चमकणाऱ्या लाटा पाहायला गर्दी लोटली होती. ती चमक नॉक्टिलुका या जीवाची. तो सॅक्सिटॉक्सिन बनवत नाही. पण दाट बहरात तो अमोनिया सोडतो, आणि बहर मरून कुजू लागला की पाण्यातील प्राणवायू संपत जातो. मासे तिथून निघून जातात किंवा मरतात. मच्छीमाराला मग अधिक डिझेल जाळून दूर जावे लागते, आणि ते न परवडणारी छोटी होडी किनाऱ्यावरच राहते. मूळच्या गोव्याच्या हेल्गा गोम्स आणि जोकिम गोएस या शास्त्रज्ञांनी उत्तर अरबी समुद्रात हिवाळ्यात पसरणाऱ्या हिरव्या नॉक्टिलुकाचा संबंध प्राणवायूच्या कमतरतेशी जोडून दाखवला आहे. तिथे पूर्वी माशांच्या अन्नसाखळीला आधार देणारे डायटम असत. नॉक्टिलुका मात्र फारसे कुणी खात नाही. त्यावर पोसतात ते प्रामुख्याने जेलीफिशसारखे जीव, ज्यांना बाजारात गिऱ्हाईक नाही.

हे सारे माणसानेच केले, असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल. पावसाळ्यात पश्चिम किनाऱ्यालगत खोल, थंड आणि पोषक पाणी आपोआप वर येते. मलबार किनाऱ्यावरील मत्स्यमृत्यूंविषयी मद्रास इलाख्यातील जेम्स हॉर्नेल यांनी 1917 मध्येच लिहून ठेवले होते. पण नदीमुखाशी आणि खाडीत जे नायट्रोजन आणि फॉस्फरस येऊन पडतात, त्यांत शेतातले खत आणि शहरांचे सांडपाणी असते. म्हैसूरचे सांडपाणी कावेरीच्या खोऱ्यात, म्हणजे पूर्वेकडे जाते. मासळी पश्चिमेकडून येते. ही भौगोलिक सोय आपल्याला निरपराध वाटायला मदत करते खरी, पण मंगळूरकडे वाहणाऱ्या नद्यांच्या काठीही आपल्यासारखीच माणसे राहतात.

सरकारने काहीच केलेले नाही, असे नाही. हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही संस्था उपग्रहाच्या साह्याने शैवालबहरांची माहिती देते आणि मासळी कुठे मिळेल याचाही अंदाज सांगते. हे काम मोलाचे आहे. मात्र उपग्रहाला पाण्याचा रंग दिसतो. पावसाळी ढगांखालची गढूळ खाडी दिसत नाही. शिवाय पाण्याचा रंग बदलण्याइतकी दाटी नसतानाही शिंपले विषारी होऊ शकतात. त्यासाठी शिंपलाच प्रयोगशाळेत न्यावा लागतो. किलोमागे 0.8 मिलिग्रॅम ही सॅक्सिटॉक्सिनची आंतरराष्ट्रीय मर्यादा ठरलेली आहे आणि परदेशी ग्राहक तिच्याबाबत जागरूक असतो. मंगळूरच्या बाजारात मरवायचा वाटा लावून बसलेल्या बाईच्या मालावर मात्र कुणाचीच नजर नसते, आणि तिच्या घरी तोच माल शिजतो.

पश्चिम किनाऱ्यावर पावसाळ्यात 61 दिवस यांत्रिक मासेमारी बंद असते. त्या काळात नोंदणीकृत मच्छीमारांसाठी बचत-नि-साहाय्य योजना आहे. खाडीत शिंपले वेचणाऱ्या बायका समुद्रात जात नाहीत, म्हणून अशा याद्यांत त्यांना क्वचितच स्थान मिळते. उद्या विषाच्या भीतीने खाडी बंद करावी लागली, तर त्यांची चूल कशी पेटणार याचे उत्तर कुठल्याही खात्याकडे नाही. उत्तर नसल्यामुळेच, मला वाटते, तपासणीची घाईही कुणाला नाही.

तज्ज्ञता बाहेरून आणायची गरज नाही. 1983 च्या घटनेचा अभ्यास मंगळूरच्या शास्त्रज्ञांनीच केला होता आणि तिथले मत्स्यमहाविद्यालय 1969 पासून उभे आहे. कर्नाटक, केरळ, गोवा आणि महाराष्ट्राच्या मत्स्यखात्यांनी मोठ्या खाड्यांतून दर आठवड्याला शिंपल्यांचे नमुने घ्यावेत, निष्कर्ष खाडीच्या काठावर कन्नड, तुळू, मल्याळम, कोकणी आणि मराठीत फलकावर लावावेत, आणि बंदीच्या दिवसांचा निर्वाहभत्ता वेचणाऱ्या बाईच्या नावाने जमा करावा. पहिला फलक मंगळूरजवळच्या त्या खाडीवर लागायला हवा.