वणीच्या पोटातल्या पोकळ्या

26 ऑगस्ट 2022 रोजी चंद्रपूर जिल्ह्यातल्या घुग्घुसच्या अमराई वॉर्डात एक राहते घर बघता बघता जमिनीच्या पोटात गेले. माणसे वेळीच बाहेर पडली म्हणून बचावली. खाली जुनी भूमिगत खाण होती. वर्धा नदी ओलांडली की वणी तालुका, म्हणजे अमरावती विभागच. तेव्हा हे चंद्रपूरचे दुखणे म्हणून वऱ्हाडाला हात झटकता येणार नाहीत. या खोऱ्यात कोळशाचा थर जाड, त्यामुळे तो काही खाणींत एकाखाली एक अशा मजल्यांनी काढला गेला. छत तोलायला सोडलेला कोळशाचा वरचा खांब खालच्या पोकळीवर आला, तर सगळा भार मधल्या खडकावर पडतो. म्हणूनच एकमेकांपासून नऊ मीटरच्या आतल्या दोन थरांत शक्यतो खांबाखाली खांब हवा आणि मधला खडक तीन मीटरांहून पातळ नको, असा नियम आहे. पण 1973 च्या राष्ट्रीयीकरणाआधीच्या खाणींचे नकाशे अपुरे असतील, तर ही खात्री करायची कशी? आधी भोके पाडून पोकळ्या शोधाव्यात, मग त्या भराव्यात.

भरायला वाळू कुठून आणणार, ही हरकत खरी आहे. नद्या आधीच उपसल्या गेल्या आहेत. मात्र अकोल्याच्या पारसला आणि अमरावतीजवळच्या नांदगावपेठला औष्णिक वीज केंद्रांतून रोज राख निघते; वाळूऐवजी ती भरता येईल. तिच्यातल्या जड धातूंनी विहिरी नासतील, ही भीती अधिक गंभीर. त्यासाठी सिमेंट मिसळून राख घट्ट करावी, भरण्यापूर्वी आणि नंतर पाणी तपासावे आणि ते आकडे ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावेत. राखेच्या वाहतुकीचा खर्च इथल्या खाणी चालवणाऱ्या वेस्टर्न कोलफील्ड्स या सरकारी कंपनीनेच उचलायला हवा. जुन्या खाणी ताब्यात आल्या, तेव्हा त्यांच्या पोकळ्याही आल्या.