चकचकीत फरशी

गेल्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर आम्ही घरातली जुनी शहाबादी फरशी उखडून चकचकीत पांढऱ्या टाइल्स बसवल्या. सौ. बेहद्द खूष! येणाऱ्याजाणाऱ्याला ती फरशीत पडद्याचे प्रतिबिंब दाखवी. आणि नरकचतुर्दशीच्या पहाटे, न्हाणीघराच्या दारात सांडलेल्या पाण्यावरून आई घसरली. मनगट मोडले.

“पाणी दिसलंच नाही रे मला,” असे ती पुन्हा पुन्हा सांगत होती. आम्ही सगळ्यांनी मिळून दोष दिला तो तिच्या मोतीबिंदूला. तो निव्वळ अन्याय होता, हे मला फार उशिरा उमगले.

झाले असे, की गच्चीत पडलेल्या जुन्या फरशीवर एकदा माझ्या हातून पाणी सांडले आणि तिथे तत्काळ काळा डाग उमटला. घरात येऊन टाइलवर मुद्दाम तेवढेच पाणी ओतले. उभ्याने पाहिले, तर मलाही ते दिसेना! आणि माझे डोळे शाबूत आहेत.

प्रकाशाचा नियम दोन्हीकडे एकच. किरण ज्या कोनातून येतो, त्याच कोनातून परत फिरतो. मात्र खडबडीत दगडाचा कण न् कण वेगळ्या दिशेला तोंड करून बसलेला. त्यामुळे प्रकाश चहूकडे विखुरतो आणि दगड कुठूनही सारखाच दिसतो. पाणी पडले की खाचा भरतात, वर सपाट पापुद्रा तयार होतो. आतून बाहेर येऊ पाहणारा बराचसा प्रकाश त्या पापुद्र्यावरून पुन्हा दगडाकडे वळतो, दगड तो शोषतो, आणि ओली जागा काळी पडते. टाइलवर मुळातच काचेसारखा गुळगुळीत थर. त्यावर पाण्याचा आणखी एक गुळगुळीत थर चढला, तर फरक कळावा कशाने? एक आरसा दुसऱ्या आरशावर ठेवल्यासारखेच ते!

गुळगुळीत म्हणजे तरी किती? दृश्य प्रकाशाची तरंगलांबी ४०० ते ७०० नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही कमी. पृष्ठभागावरचे उंचवटे त्याहून पुष्कळ लहान असले, की प्रतिबिंब उमटते. (खडीसाखरेचा खडा आरपार दिसतो, लाडवांसाठी तोच कुटला की पांढराशुभ्र! साखर तीच; असंख्य बारीक कडांवरून प्रकाश विखुरतो, एवढेच.)

हे सारे आईला सांगितले. ती ऐकून घेऊन म्हणाली, “मग गेल्या वर्षी माझ्या डोळ्यांना का बोल लावलात?” यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते.

यंदा न्हाणीघराच्या दारापुढे जुन्या फरशीचे चार तुकडे पुन्हा बसवले आहेत. सौ.ला ते ठिगळ वाटते. परवा आईने त्यावर मुद्दाम तांब्यातले पाणी ओतले, काळा डाग पसरताना नीट पाहिला, आणि त्याला वळसा घालून ती देवघराकडे गेली.