गायरानाची प्रत कोण लावणार?

सातबाराच्या उताऱ्यावर 'गायरान' किंवा 'गुरचरण' हा शब्द आला, की त्या जमिनीविषयीची पुढील चौकशी तेथेच थांबते, असा आमचा अनुभव आहे. शेतकऱ्याच्या गटापुढे क्षेत्र असते, आकार असतो, पोटखराबा निराळा दाखविलेला असतो. गायरानापुढे क्षेत्राच्या आकड्यापलीकडे बहुधा काही नसते. त्या क्षेत्रात खडक किती, मुरूम किती आणि ओहोळाच्या काठी साचलेली मऊ पोयट्याची माती किती, हे दप्तरावरून सांगता येत नाही. महसुली कारकुनीत आमचे आयुष्य गेले. दप्तरातील ही पोकळी तेव्हाही होती, आजही आहे. पूर्वी तिच्यावाचून कोणाचे अडत नसे. आता अडू लागले आहे, म्हणून हा विषय सभासदांपुढे ठेवीत आहो.

ही पोकळी कशी पडली ते आधी पाहू. 1847 साली गोल्डस्मिड, विंगेट व डेव्हिडसन या अधिकाऱ्यांच्या संयुक्त अहवालाने मुंबई इलाख्याच्या पैमाषीचे नियम कायम झाले. नाशिक हा त्या वेळी स्वतंत्र जिल्हाही नव्हता. तो 1869 साली झाला. त्या नियमांप्रमाणे जमिनीचे तीन प्रकार धरले होते: बारीक, एकजीव पोताची काळी, त्याहून जाडसर, बहुधा तांबूस, आणि भरड, खडेमिश्रित. नंतर खणून खोली पाहावयाची. काळी जमीन पावणेदोन हात खोल भरली तर पहिली प्रत, सोळा आणे. तेथून उतरत उतरत पाव हात भरड जमिनीस नववी प्रत, दोन आणे. शिवाय दोष पाहावयाचे: चुनखडीचे बारीक खडे, वाळूची मिसळ, उतार, मातीत धर नसणे, पाणी न मुरणे, वाहत्या पाण्याचा मारा, उपळ. एका दोषास जमीन एक प्रत खाली येई. साधी कुदळ, हाताचे माप आणि जाणकार डोळा एवढ्यावर हे काम चाले, आणि आमच्या मते ते आजही वाखाणण्याजोगे आहे.

परंतु ही सारी प्रतबंदी सारा बसविण्यासाठी होती. ज्या जमिनीवर सारा नाही तिची प्रत लावण्याचे कारण नव्हते. गायरान गुरांकडे राखलेले, म्हणून आकारणीतून सुटले. आणि आकारणीतून सुटले म्हणून मातीच्या परीक्षेतूनही सुटले. माती वाईट होती म्हणून नव्हे. हा भेद लोक विसरले, आणि 'गायरान म्हणजे माळ, माळ म्हणजे निकामी' असे समीकरण रूढ झाले.

येवला, नांदगाव, सिन्नर या अवर्षणाच्या तालुक्यांत कोणत्याही मोठ्या गायरानावर फिरून पाहावे. वरच्या अंगास मुरूम उघडा पडलेला, त्यावर कुसळी गवत. मधल्या उतारावर वीतभर माती. आणि खाली, ओहोळ जेथे मंदावतो तेथे, पिढ्यान्‌पिढ्या वाहून आलेल्या बारीक मातीचा सपाट पट्टा. मारवेल आणि हरळी टिकते ती तेथेच. गुरेही फाल्गुन-चैत्रात तेथेच तोंड लावतात. जुन्या रीतीने या पट्ट्याची प्रत लावून पाहू. दुसऱ्या प्रकारची माती, सव्वा हात खोल, म्हणजे चौथी प्रत, दहा आणे. वाळूची मिसळ आणि पाण्याचा मारा हे दोन दोष वजा जाता सहावी प्रत, सहा आणे. वरच्या मुरमाड माळाचे मात्र दोनच आणे. म्हणजे एकाच नावाखाली तिप्पट मोलाची जमीन पडून आहे.

येथे शब्दांचा एक घोटाळा दूर केला पाहिजे. आपण तळ्यातून काढलेल्या प्रत्येक मातीस गाळ म्हणतो. पण आपल्या काळ्या दगडाच्या मुलखात तळ्याचा गाळ हा पुष्कळ अंशी चिकणमातीच असतो. मृदाशास्त्र्यांचा पोयटा म्हणजे कणांचा एक विशिष्ट आकार: 0.05 पासून 0.002 मिलिमीटरपर्यंत. त्याहून मोठी ती वाळू, लहान ती चिकणमाती. भरीस भर म्हणून शेतकरी 'पोयट्याची जमीन' म्हणतो तेव्हा त्याच्या मनात तिन्हींची चांगली मिसळ असते. शब्द एक आणि अर्थ दोन, असे झाल्यावर ग्रामसभेत वाद न झाला तरच नवल!

पोयटा ओळखणे मात्र कठीण नाही. ओल्या मातीची चिमूट बोटांत चोळली असता वाळू खरखरते, चिकणमाती चिकटते, पोयटा पिठासारखा सुळसुळीत लागतो. चिकणमातीची वळी लांब वळते; पोयट्याची लवकर तुटते. काचेच्या बाटलीत पाणी घालून हलवून ठेवल्यास वाळू मिनिटभरात तळाशी बसते, पोयट्यास काही तास लागतात, आणि पाणी दुसऱ्या दिवशीही गढूळ राहिले तर ती चिकणमाती.

हिचा स्वभाव लक्षात घेण्यासारखा आहे. पिकास किंवा गवतास शोषून घेता येईल असे पाणी ही माती चांगले धरते. चिकणमाती पाणी अधिक धरते, पण त्यातले बरेचसे सोडीत नाही. उलट, पोयट्यास धर कमी. उघड्या जमिनीवर पावसाचे टपोरे थेंब पडले की वर पापडी धरते, पाणी मुरण्याऐवजी धावू लागते, आणि धावताना हेच कण सर्वांआधी घेऊन जाते. ओलीत गुरांचे खूर पडले तर ती दबून घट्ट होते. तात्पर्य, ही माती जितकी गवतास अनुकूल तितकीच गवतावाचून अनाथ. गवताचे जाळे गेले, की दहा-वीस पावसाळ्यांत पट्ट्याची घळ होते.

आजच्या शास्त्राने हे जाणले आहे. नागपूरची मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजनाची राष्ट्रीय संस्था 1976 पासून हेच काम करीत आहे. तेथील वर्गीकरणात आपली खोल काळी जमीन व्हर्टिसॉल, आणि नदीओहोळाने अलीकडे आणून टाकलेली, थर नीट न मुरलेली माती बहुधा एन्टिसॉल किंवा इन्सेप्टिसॉल या गणांत पडते. जमिनीच्या योग्यतेचे आठ वर्ग धरतात. पहिले चार नांगराचे, पुढचे तीन मुख्यत्वे कुरणाचे व वनाचे. कुरण ही निकामी जमिनीची नव्हे, तर एका निश्चित उपयोगाच्या जमिनीची पायरी आहे, हे त्यात मान्य झाले आहे. मात्र हे नकाशे गावच्या चावडीत पोहोचलेले नाहीत. 2015 साली सुरू झालेली मृदा आरोग्य पत्रिका घरोघर पोहोचली. पण तिच्यात नत्र, स्फुरद, पालाश, सामू इत्यादी बारा गोष्टींची नोंद असते, पोत आणि खोली यांची नसते. शिवाय ती शेतकऱ्याच्या शेताची. गायरानास शेतकरी कोठला?

आता मुख्य गोष्ट. 2023 पासून शेतीच्या वीजवाहिन्यांसाठी सौर प्रकल्प उभारण्याचे काम राज्यात वेगाने चालले असून त्याकरिता गायरानेही दिली जात आहेत. दिवसा वीज मिळावी ही मागणी आपणच वर्षानुवर्षे केली. तिला आमचा विरोध नाही. परंतु जागा दाखविण्याची वेळ आली, की बोट सपाट पट्ट्याकडे जाते, कारण ते सोयीचे. वरचा मुरमाड माळ, जेथे गवताची काडी माघातच संपते, तो तसाच राहतो. एका गावी तर विटांच्या भट्टीकरिता हाच पट्टा कमरेइतका खणलेला आम्ही पाहिला. गौण खनिजाची रक्कम भरली होती की नाही हा प्रश्न निराळा, पण भरली असती तरी माती परत आली नसती.

कोणी म्हणेल, गायरानांवर अतिक्रमणे आहेत, गवत उरलेलेच नाही, मग प्रत लावून काय उपयोग? सर्वोच्च न्यायालयाने 2011 साली गावाच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे काढण्याविषयी स्पष्ट निर्णय दिला, आणि महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या 22 व्या कलमाने गुरांच्या चराईसाठी जमीन राखून ठेवण्याची तरतूद आहेच. पण कायदा गायरान राखील; गायरानातला कोणता तुकडा आधी राखावा हे कायदा सांगणार नाही. ते मातीच सांगेल, आणि तिला विचारणारे आपल्याशिवाय कोणी नाही.

आमची सूचना अशी की, संस्थेच्या सभासदांनी दिवाळीनंतर, जमीन वाफशावर असताना, आपल्या गावच्या गायरानाची परीक्षा करावी. मोजणी नकाशाच्या प्रतीवर चौकोन पाडावे, प्रत्येकात एक खड्डा मुरूम लागेपर्यंत घ्यावा, आणि खोली, पोत, उतार, पाण्याचा निचरा व उभे गवत एवढे लिहावे. चुन्यासाठी सौम्य आम्लाचे थेंब टाकावे. फसफसले तर चुना आहे. संशयाच्या जागची माती पोताच्या तपासणीसाठी प्रयोगशाळेत धाडावी, आणि 'पोत' हा शब्द अर्जात ठळक लिहावा, नाही तर नेहमीचे बारा आकडे परत येतात. तयार झालेला नकाशा ग्रामसभेपुढे ठेवून ठरावात दाखल करून घ्यावा, म्हणजे पुढे जागा मागणारा आला असता ग्रामसेवकास कागद दाखविता येईल. मध्यम गायरानास पंधरा-वीस खड्डे पुरतात. ते त्याच दिवशी बुजवावे. संध्याकाळी परतणाऱ्या गुरांचे पाय त्यात मोडतात.