नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा



मुलाच्या हट्टापायी कापसाच्या पैशातून मी एक बिनतारी गेम कंट्रोलर घेतला. साध्या कंट्रोलरच्या तिप्पट किंमत, १८ हजारांच्या वर. २०२४-२५ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाला ७,५२१ रुपये हमीभाव होता. त्या हिशोबाने अडीच क्विंटल कापूस या एका खेळण्यात गेला.

आठ महिन्यांत खेळातला गडी कोणी हात न लावता डावीकडे चालू लागला. "बाबा, मी काही केले नाही," मुलगा रडवेला होऊन म्हणाला. कंपनीने कळवले, वापराने झीज झाली आहे.

आदिलाबादच्या एका कारागिराने तो उघडून दाखवला. दांडीखाली कार्बनची पट्टी असते आणि तिच्यावर धातूची बारीक पट्टी घासत फिरते. जुन्या रेडिओच्या आवाजाच्या बटणात हीच रचना असते. झिजले की खरखर होते. इथे खरखरीऐवजी गडी भरकटतो, एवढाच फरक. स्वस्त कंट्रोलरमध्येही हाच भाग असतो. म्हणजे जादा पैसे गेले ते मुठीला, जादा बटणांना आणि पेटीला.

याला उपाय नाही असेही नाही. एडविन हॉल यांनी १८७९ साली शोधलेल्या परिणामावर चालणारे सेन्सर चुंबकाच्या साहाय्याने दांडीची जागा ओळखतात. त्यात काही घासत नाही, म्हणून तशी झीजही होत नाही. सेगा कंपनीच्या १९९८ च्या ड्रीमकास्ट कंट्रोलरमध्ये ते होते. मग इतक्या वर्षांनी एवढ्या महाग वस्तूत ते का नसावेत?

कोणी म्हणेल, खेळण्यावर एवढा खर्च करायचाच कशाला? ती चूक माझी, मान्य आहे. पण घामाच्या पैशाची वस्तू टिकावी, ही अपेक्षा चूक नाही.

म्हणून महाग वस्तू घेताना तीन प्रश्न विचारावेत. झिजणारा भाग कोणता? तो बदलता येतो का? दुरुस्ती कुठे होते? शाळेसाठी संगणक किंवा प्रोजेक्टर घेताना विश्वस्त मंडळींनीही हेच विचारावे, ही नम्र विनंती.

आणि बिल जपून ठेवावे. माझे पंधरा दिवस ते शोधण्यातच गेले. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते. त्यासाठी दोन वर्षांची मुदत असते आणि ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क लागत नाही. १९१५ या क्रमांकावर सल्लाही मिळतो.

मी तक्रार केली आहे. निकाल काय लागायचा तो लागो. पण तक्रारीचा अर्ज मुलाने स्वतःच्या हाताने लिहिला. अडीच क्विंटल कापसातून निदान एवढे तरी पदरात पडले.