काम हेडमास्तराचे, पगार मास्तराचा!

शेतकरी व कारागीर बंधूंनो, बिगारी म्हणून आणलेल्या गड्याच्या हाती मालकाने ओळंबा नि थापी दिली, चार महिने त्याच्याकडून भिंत चढवून घेतली, आणि बाजाराच्या दिवशी बिगाऱ्याचीच मजुरी हातावर टेकवली, तर त्या मालकाला तुम्ही काय म्हणाल? जे म्हणाल तेच आज सरकारास म्हणण्याची पाळी आली आहे.

गावच्या शाळेत हेडमास्तराची जागा रिकामी पडते. ती भरावयाची नाही. एखाद्या मास्तराच्या कपाळी 'प्रभारी' हा शब्द चिकटवावयाचा आणि हुकमाच्या शेवटी 'स्वतःच्या वेतनश्रेणीत' एवढे लिहावयाचे, की झाले! हे जू आम्ही स्वतः मानेवर वागविले आहे. पोषण आहाराच्या तांदळाचा हिशेब आम्ही द्यावयाचा, दाखल्यांवर सह्या आम्ही करावयाच्या, आणि चूक निघाली तर नोटीसही आम्हांसच! जबाबदारी सोळा आणे. पगाराची वेळ आली की मात्र आम्ही पुन्हा साधे मास्तर!

शहाणे सांगतात, 'कार्यभार म्हणजे बढती नव्हे.' खरे आहे. सर्वोच्च न्यायालयानेही 1991 साली तसे म्हटले आहे. पण बढती मागतो कोण? आम्ही केलेल्या कामाची मजुरी मागतो. अंदमानातील एका प्राथमिक शिक्षकाची श्रेणी 1200-2040 रुपयांची. 1992 ते 1995 पर्यंत त्याच्याकडून स्काउटच्या सचिवाचे काम करून घेतले. त्या पदाची श्रेणी 1640-2900. 1998 साली त्याच न्यायालयाने ठरविले की, बढती नसो, नेमणूक हंगामी असो. वरचे काम जितके दिवस केले, तितक्या दिवसांचा फरक दिलाच पाहिजे. त्याच वर्षी चंदिगडच्या एका इंजिनिअराच्या खटल्यात, 'वरच्या पदाचे लाभ मागणार नाही' असे आधीच लिहून घेतलेले कागदही न्यायालयाने कायद्याविरुद्ध ठरविले.

तुम्ही म्हणाल, 'मास्तराचे पोट भरलेले आहे, आमच्या कांद्याला भाव नाही. आम्हांस याचे काय?' बंधूंनो, नुकसान तुमचेच अधिक आहे. मास्तर कागदांत गुंतला की चौथीची पोरे कोऱ्या फळ्याकडे पाहत बसतात. जागा रिकामी ठेवण्यात सरकारचा पैसा वाचतो, म्हणूनच ती रिकामी राहते. फरक मोजावा लागला, की रिकाम्या जागेतला नफा संपेल आणि जागा भरेल. तुमच्या आजोबांनी पाटील-देशमुखांची वेठ वाहिली; तीच वेठ आता 'प्रभारी' हे नाव घेऊन तुमच्या पोरांच्या शाळेत शिरली आहे.

म्हणून मास्तरांनो, ग्रामसेवकांनो, कारकुनांनो, हुकूम जपून ठेवा, रुजू झाल्याची तारीख लिहून ठेवा, अर्ज करा आणि पोच घ्या. उशीर करू नका. वर्षानुवर्षे गप्प बसणाऱ्यास न्यायालय बहुधा मागील तीनच वर्षांची थकबाकी देते. आणि गावकऱ्यांनो, ग्रामसभेत उठून एवढेच विचारा: आमच्या शाळेला हेडमास्तर केव्हा? घाम गाळणाऱ्याने दाम मागण्यात लाज कसली? लाज वाटावी ती बुडविणाऱ्याला!