गाजर गवताचे अतिक्रमण कोण हटविणार?

पाऊस पडला की गावोगावची गायराने हिरवीगार दिसू लागतात. ही हिरवळ फसवी आहे. जवळ जाऊन पाहिले तर मारवेल, पवन्या दिसेनासे झालेले आणि जिकडे तिकडे गाजर गवत! मूळ मध्य अमेरिकेतल्या या तणाची नोंद १९५० च्या दशकात पुण्यात झाली. अमेरिकी गव्हाबरोबर ते आले असे लोक सांगतात आणि त्याला काँग्रेस गवत म्हणतात. डोंगरात घाणेरीने हेच केले. इंग्रजांनी ती बागेच्या शोभेसाठी आणली. आज ती जंगलात माजली आहे.

आता हवामान बदलते आहे. ऊन वाढते, पाऊस लहरी झाला, हवेत कार्बन वाढला. देशी गवताला ते सोसत नाही. गाजर गवताला मात्र मानवते. एकेक झाड हजारो बिया टाकते. संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या जैवविविधता मंचाने २०२३ च्या अहवालात अशा साडेतीन हजारांहून अधिक घातक प्रजाती जगभर मोजल्या आहेत.

पण याची झळ कुणाला? बागायतदार तणनाशक फवारून मोकळा होतो. खुरपणीला जाते ती आमची आयाबहीण. उघड्या हातांनी ती हे गवत उपटते. अंगाला खाज सुटते, कातडी सोलते, दमा लागतो. दोन शेळ्यांवर संसार चालविणाऱ्या भूमिहीनाचा चाराही तेच गिळते.

गायरान हा आमच्यासाठी जगण्याचा प्रश्न आहे. १९६४ साली कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या हाकेसरशी लाखो भूमिहीन तुरुंगात गेले ते जमिनीच्या तुकड्यासाठीच. १४ एप्रिल १९९० पर्यंतची गायरानावरील शेतीची अतिक्रमणे नियमित करण्याचा निर्णय सरकारने १९९१ मध्ये घेतला. तरी सातबारा अनेकांच्या हाती आलाच नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये उच्च न्यायालयाचा आदेश आला आणि गायरानधारकांना नोटिसा निघाल्या. आमचा सवाल साधा आहे. भूमिहीनाने घाम गाळून माळरान पिकविले तर ते अतिक्रमण. मग एकरच्या एकर गिळणाऱ्या गाजर गवताला नोटीस कोण देणार?

'परके गवत हाकला' अशी हाळी देऊन भागणार नाही. मिरचीही अमेरिकेतूनच आली आणि आमच्या भाकरीची सोबतीण झाली. कोण कुठून आला यापेक्षा तो इतरांना जगू देतो की नाही, हीच खरी कसोटी. माणसांच्या बाबतीतही आम्ही हीच कसोटी मानतो.

म्हणून आमची मागणी आहे. सरकारने फुलोऱ्याआधी गाजर गवत काढण्याचे काम रोजगार हमीत घ्यावे. मजुरांना हातमोजे, मुखपट्टी आणि पूर्ण मजुरी द्यावी. मोकळ्या झालेल्या गायरानात देशी गवताचे बी पेरावे आणि राखणीचा व कापणीचा हक्क गावातल्या भूमिहीनांच्या गटांना लेखी द्यावा. ज्याच्या नावावर जमीन नाही, त्याला तिची राखण फुकटात करायला सांगू नये. बाबासाहेबांच्या अनुयायांनी येत्या ग्रामसभेत हा ठराव मांडावा आणि तो मंजूर होईपर्यंत जागचे उठू नये.