आधी पाय, मग जीभ

वर्ध्याचे आणि इंग्रजीचे नाते जुने आहे, पण ते सरळ नाही. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली येथे शिक्षण परिषद भरली. सात वर्षांचे मोफत व सक्तीचे शिक्षण मातृभाषेतून द्यावे आणि ते एखाद्या हस्तोद्योगाभोवती गुंफावे, असे तिने ठरवले. झाकिर हुसेन समितीने त्याचा आराखडा केला आणि सेवाग्रामात 'नई तालीम' उभी राहिली. त्या आराखड्यात हाताला काम होते, इंग्रजीला मात्र जागा नव्हती.

पुढे काळ पालटला. जून २००० पासून महाराष्ट्राने मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आणली. तरीही पालकांचे समाधान झाले नाही. मी बँकेत होतो तेव्हा पीककर्जाला आलेला शेतकरी बोलता बोलता मुलाच्या इंग्रजी शाळेच्या फीवर यायचा. कापसाच्या पैशाचा पहिला वाटेकरी बँक किंवा सावकार, दुसरी ती शाळा! २०२५ मध्ये पहिलीपासून हिंदीचा वाद पेटला आणि २९ जूनला सरकारने निर्णय मागे घेतले. लहान मुलाला किती भाषा शिकवायच्या, यावर तेव्हा पुष्कळ बोलले गेले. कशा शिकवायच्या, यावर फारच थोडे.

या 'कशा'चे एक उत्तर कॅलिफोर्नियातले मानसशास्त्रज्ञ जेम्स ॲशर यांनी १९६० च्या दशकात मांडले. तान्हे मूल बोलू लागण्याच्या कितीतरी आधी 'ये', 'बस', 'दे' हे शब्द ऐकून हालचाल करते. दुसरी भाषाही तशीच द्यावी, असे त्यांचे म्हणणे. शिक्षिका 'स्टँड अप' म्हणत स्वतः उठते, 'जंप' म्हणत उडी मारते. मुले पाहतात आणि करतात. कोणी लगेच बोलावे अशी सक्ती नसते. बँकेच्या भाषेत सांगायचे तर आधी ठेव जमू द्यायची, पैसे काढणे नंतर. आपण मात्र खाते उघडताच पोराकडे चेक मागतो, म्हणजे पाहुण्यांपुढे कविता म्हणायला लावतो.

या पद्धतीला मर्यादाही आहेत. 'डोअर'कडे धावता येते. 'यस्टर्डे'कडे कसे धावणार? सूचना पाळणे म्हणजे संभाषण नव्हे. शिवाय खच्चून भरलेल्या वर्गात उडी मारायला जागा लागते आणि सहज इंग्रजी बोलणारी बाई लागते. पण यंत्रे, महागडी पुस्तके लागत नाहीत. पटांगण तर आपल्या जिल्हा परिषदेच्या बहुतेक शाळांना असते. फीच्या शाळेत बाकावर जखडलेल्या मुलापेक्षा गावच्या शाळेतले मूल इथे मागे पडण्याचे कारण नाही.

गांधीजींचा आक्षेप विसरून चालणार नाही. परक्या माध्यमाच्या ओझ्याने मुलाची समज खुंटते, हे त्यांचे म्हणणे आजही खरे आहे. सेवाग्रामात २००५ पासून आनंद निकेतन शाळा मराठी माध्यमातूनच चालते आहे. म्हणून गणित, परिसर, गोष्टी मराठीतच हव्यात. इंग्रजीने रोज अर्धा तास खेळासारखे यावे. अंगाने शिकलेले टिकते, हे तर वर्ध्यानेच सांगितले होते. त्यात इंग्रजीलाही बसवता आले, तर नई तालीमला बाध येत नाही.

तेव्हा पालकहो, जूनमध्ये शाळेत गेलात की मूल किती कविता म्हणते, हे विचारू नका. इंग्रजी ऐकून ते काय काय करते, एवढे विचारा. फी भरण्याआधी हा हिशेब मांडणे केव्हाही फायद्याचे.